मराठी बोललं तर टॅब बंद

इथे आखातात, फिंतासला, आमच्या पाच-सहा मराठी घरांचा शुक्रवारचा नाश्ता ठरलेला असतो. कुणी उपमा आणतं, कुणी शिरा, आणि किस्से आपोआप जमत जातात. सगळ्यांत जास्त जमले ते एलेनाबाईंचे. सुरुवातीला आम्ही ते पोट धरून हसत सांगायचो. हल्ली कुणीतरी सुरू करतं आणि मध्येच "अजून चहा घेणार का?" असं विचारून उठतं. मला मात्र ते सांगून टाकल्याशिवाय चैन पडत नाही.

एलेनाबाई म्हणजे डॅनीची आई. डॅनी माझ्या नवऱ्याबरोबर, नितीनबरोबर, जवळच्या अहमदी गावातल्या ऑफिसात इंजिनियर आहे. त्यांचं घराणं मूळचं मेक्सिकोचं, वाढलेलं टेक्सासात. बाईंनी तिथे जन्मभर शाळेत शिकवलं आणि रिटायर झाल्यावर काही महिन्यांसाठी मुलाकडे आल्या. 'अमेरिकन टीचर' एवढं कानावर पडताच आम्ही आयांनी ठरवून टाकलं, मुलांचं इंग्लिश यांच्याच हवाली करायचं.

सगळ्यांत जास्त घाई मला. माझी इरा साताऱ्याहून इथे आली तेव्हा तिचं तोंड क्षणभर बंद नसायचं. शाळेतून सांगणं आलं, घरी इंग्लिशच बोला. आम्ही नियम केला, मराठी बोललं तर टॅब बंद. बाकीच्या घरांनीही तो उचलला. हळूहळू इराचं मराठी थांबलं आणि इंग्लिशही काही नीट सुरू झालं नाही. आता आठ वर्षांची झाली, नव्या शाळेचा इंटरव्ह्यू जवळ आला आणि पोरगी नुसती मान हलवून उत्तरं द्यायला लागली.

*

पहिला वर्ग शुभांगीकडे होता. शुभांगी हॉस्पिटलात सीनियर नर्स, कामाला वाघीण. त्या दिवशी तिने स्वयंपाकाच्या मदतीला एका बाईंना बोलावलं होतं. बेल वाजली. दारात सावळ्या, बुटक्या, पांढऱ्या वेणीच्या बाई. "कितनी देर कर दी," म्हणत शुभांगीने त्यांना सरळ किचनमध्ये नेलं, चहा दिला आणि कोथिंबिरीची जुडी पुढ्यात ठेवली.

आम्ही हॉलमध्ये अमेरिकन टीचरची वाट बघत बसलेलो. बऱ्याच वेळाने त्याच बाई हात पुसत बाहेर आल्या आणि इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "कोथिंबीर झाली. मुलं कुठे आहेत?"

शुभांगीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती माफी मागत सुटली, तर बाई म्हणाल्या, "टेक्सासात तर मला मागच्या दारानेच आत घ्यायचे. चहा मात्र कुणी दिला नव्हता."

*

बाईंनी मुलांना पहिला होमवर्क काय द्यावा? इंग्लिशमध्ये सांगताच येत नाही असा घरचा एक शब्द आणा! एकाने 'उष्टं' आणला, एकीने 'लाडीगोडी'. वर्गात नुसता कलकलाट, तोही मराठीत. आम्ही आया हवालदिल. शेवटी बाईंना समजावून सांगायला नितीनला पाठवलं, कारण तो गोड बोलतो.

नितीनने आमचा टॅबचा नियम अभिमानाने सांगितला. बाई म्हणाल्या, त्या सहा वर्षांच्या असताना त्यांनी वर्गात स्पॅनिशमध्ये पाणी मागितलं, म्हणून टीचरने त्यांचं तोंड साबणाने धुतलं होतं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून नितीन म्हणाला, "कुठला साबण?"

अजून तो हे आठवलं की डोळे मिटून घेतो.

*

इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून बाई दर शुक्रवारी चर्चला जायच्या आणि तिथून आमच्याकडे नाश्त्याला. एकदा आमच्यातल्या डॉक्टर कुलकर्णींनी त्यांना भक्तीबद्दल छेडलं. बाईंनी आपल्या आईची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये मेक्सिकन लोकांनी मागच्या बाकांवर बसायचं असा रिवाज होता. एका रविवारी आई सरळ पुढे जाऊन बसली आणि स्पॅनिशमध्ये मोठ्याने प्रार्थना म्हणू लागली. पाद्री थांबला, आई थांबली नाही. "आईचे गुडघे दुखायचे आणि पुढच्या बाकाला गादी होती, एवढंच," बाई म्हणाल्या. पण त्या दिवसापासून लेकीला देवाचं आणि हक्काचं काम वेगळं वाटलं नाही. शाळेत स्पॅनिश बोलू द्या म्हणून त्या पुढे मुलांना घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यापायी तुरुंगातही जाऊन आल्या.

आम्ही सगळे भारावलेले. कुलकर्णींनी उपम्याचा घास गिळला आणि काळजीने विचारलं, "मग इथल्या व्हिसासाठी तुमचं पोलीस क्लिअरन्स कसं झालं?"

*

आमच्या मराठी कार्यक्रमाला बाईच प्रमुख पाहुण्या. विषय होता 'आमची मायबोली'. मुलांनी भाषणं इंग्लिश अक्षरांत लिहून घोकलेली. पाहुण्यांना कळावं म्हणून निवेदन मी इंग्लिशमध्ये सुरू केलं. बाईंनी हात वर करून सांगितलं, माझ्यासाठी नको, तुमच्या भाषेतच ऐकायचंय मला.

मी कागद मिटला आणि म्हटलं, "ओके, सो, आता आपण नेक्स्ट परफॉर्मन्सला वेलकम करूया." पहिल्या रांगेत बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघत स्टेजवरून उतरले.

*

एवढं झाल्यावर आम्ही तो टॅबचा नियम मोडीत काढला असेल, असं तुम्हाला वाटेल. चारचौघांत काढला. घरात ठेवला. इंटरव्ह्यू आठवड्यावर आला होता ना!

बाई परत जायच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघी फिंतासच्या समुद्रावर फिरायला गेलो. बाई आणि मी बाकावर बसलो होतो. इरा समोर सायकल फिरवत होती. मी त्यांना सांगत होते की आता घरी आम्ही तिला काही बोलत नाही, तिला हवं त्या भाषेत ती बोलते. बाईंनी खूश होऊन माझा हात हातात घेतला.

तेवढ्यात इराची सायकल कठड्याला धडकली. ती तोंडावरच पडली. गुडघा फुटला, ओठातून रक्त आलं. आम्ही दोघी धावलो.

"आई गं!" इरा जिवाच्या आकांताने ओरडली.

मग तिने मला येताना पाहिलं. दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज बंद.

मी जवळ बसले, तेव्हा तिने हात जरासे बाजूला केले आणि हळूच म्हणाली,

"सॉरी, ममा."