ओट्यावरचा रुद्र

यांची वाचा गेली तेव्हा मी देवावर रागावले नव्हते, पण त्याच्याकडे काही मागावं असंही वाटेनासं झालं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर रोज सकाळी त्याचं स्तवन केलं, त्याचीच जीभ त्यानं अडवावी, याचा अर्थ मला लागत नव्हता. शेजारणी म्हणायच्या, भोग असतात. मी मान हलवायची आणि कामाला लागायची.

महाडला आमच्या आळीत शंकराचं देऊळ आहे. श्रावणी सोमवारी तिथं पुरुषमंडळी सोवळं नेसून रुद्र म्हणतात. हे तरुणपणापासून त्यांच्यात. घरीही पूजा करताना यांचा रुद्र चालायचा. मी स्वयंपाकघरात कणीक मळत ऐकायची. ऐकता ऐकता मला सगळा पाठ झाला, स्वरांच्या चढउतारांसकट. लग्नाला थोडीच वर्षं झाली असताना एका सोमवारी सभामंडपात बायकांच्या बाजूला बसले होते आणि माझ्याही नकळत मोठ्यानं म्हणू लागले. पठण संपल्यावर मंडळींचे प्रमुख अण्णा माझ्यापाशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, ऐका खुशाल. पण म्हणू नका. बायकांना याचा अधिकार नाही."

अण्णा चांगला माणूस. ते रागावले असते तर मी भांडले तरी असते. घरी येताना यांनी भलताच विषय काढला. तेव्हापासून मी ओठ मिटून ऐकत आले. घरातसुद्धा कधी मोठ्यानं म्हटलं नाही. मन म्हणायचं, देवाला माझा आवाज नको असेल तर नसू दे. पण आतून ते कधी पटलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला. महिनाभरानं काठीच्या आधारानं चालू लागले, पण शब्द फुटेना. समजायचं सगळं. पाणी हवं असलं की भांड्याकडे बघायचे, तोंड उघडायचे, घशातून नुसता हुंकार यायचा आणि मग डोळे भरून यायचे. देवघरासमोर बसवलं तर मान फिरवायचे. मी एकटीनं पूजा करायची, मुकाट्यानं. इतकी वर्षं रोज यांच्या आवाजानं भरलेलं ते घर सकाळच्या वेळी अगदी ओसाड वाटायचं.

जवळच्या सव गावी गरम पाण्याचं कुंड आहे, त्या पाण्यानं हातपाय मोकळे होतात, असं कोणीतरी सुचवलं. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, म्हणून रिक्षा करून मी यांना घेऊन गेले. कुंडाच्या काठावर बसवलं आणि तांब्यानं हातावर, खांद्यावर पाणी ओतू लागले. पाण्याची धार धरली की अभिषेक आठवतो. माझे ओठ कधी हलू लागले, मला कळलंच नाही. रुद्राचा शेवटचा भाग चालू होता, ज्याला चमक म्हणतात. त्यात देवाकडे एकेक गोष्ट मागायची आणि प्रत्येकीनंतर 'च मे' म्हणायचं. म्हणजे, हेही मला दे.

समोर एक म्हातारी गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडून बसली होती. वरंध गावची होती, गुडघ्यांसाठी आली होती. ती बराच वेळ आमच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बाय गो, तुजे मालक तुज्यासंगती बोलतात."

मी म्हटलं, यांची वाचा गेली आहे.

"आवाज नाय, पन ओठ हलतात. तू थांबलीस की थांबतात. बघ तरी."

मी यांच्याकडे पाहिलं. ओठ स्थिर होते. म्हातारी म्हणाली, "पुटपुटतेस काय? मोठ्यान बोल."

मी तिला सांगितलं की बायकांनी हे म्हणायचं नसतं. कोण बोललं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, देवळात सांगितलंय.

"मंग हितं कुठं देऊल हाय?" ती म्हणाली. "हितं पानी हाय आनि तुजा घोव हाय. बोल."

तिच्या बोलण्यात बंडखोरी नव्हती की उपदेश नव्हता. भात उतू चाललाय, झाकण काढ, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मी तांब्या भरला आणि चमक पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला यांनी माझं मनगट धरलं. आणि ओळीच्या शेवटी, घोगरं, अर्धवट, पण स्पष्ट ऐकू आलं, "च मे."

मी थांबले नाही. थांबले तर ते तुटेल अशी भीती वाटली. मी मागणं म्हणायची, हे 'च मे' म्हणायचे. कधी नुसतं 'मे' यायचं. यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, माझ्याही. शेवटी डोळे पुसून वर पाहिलं तर म्हातारी पदरानं पाय पुसत उठली होती. तिची माणसं रिक्षात बसून हाका मारत होती. मी तिचं नावही विचारलं नाही.

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना फारसं नवल वाटलं नाही. बोलणं गेलं तरी चालीत पाठ केलेलं कित्येकदा शिल्लक राहतं, कारण ते मेंदूत निराळ्या वाटेनं येतं, असं ते म्हणाले. रोज म्हणत जा. मला ते पटलं. आणि त्या वाटेवर त्या दिवशी मला कोणीतरी नेऊन उभं केलं, हेही मला पटलं. दोन्हींत मला विरोध दिसत नाही.

मग घरी रोज सकाळी मी मोठ्यानं रुद्र म्हणू लागले. हे माझ्या मागून म्हणत येत. हळूहळू अख्खी ओळ येऊ लागली, मग साधे शब्द, चहा, ऊन, माझं नाव. बोलणं अजून अडखळतं.

श्रावण आला तेव्हा यांनी देवळाच्या दिशेनं बोट केलं. मी नेलं. मंडळींनी प्रेमानं आत नेऊन जुन्या जागेवर बसवलं. मी बायकांच्या बाजूला बसले. पठण सुरू झालं, पण मंडळींचा वेग यांना झेपेना. तोंड उघडायचे आणि मिटायचे. मान वळवून मला शोधू लागले. मी ओठ मिटून बसले होते. त्या वेळी मनात म्हटलं, देवा, आता तूच बघ, माझ्या हातात काही नाही.

हे काठी टेकत उठले. दोघं आधाराला धावले, त्यांना हातानंच नको म्हणाले. माझ्यापाशी आले, माझा हात धरला आणि दाराबाहेर ओट्यावर येऊन बसले. शेजारची फरशी थोपटून म्हणाले, "इथं. तू... म्हण."

आतलं पठण क्षणभर अडखळलं आणि पुन्हा सुरू झालं. मी म्हणू लागले, यांच्या वेगानं. पावसाची झड ओट्यावर येत होती. आत त्यांचा रुद्र, बाहेर आमचा. आमचा मागाहून संपला, तोवर आत सगळे शांत बसून होते.

मग अण्णा तीर्थ घेऊन बाहेर आले. यांच्या हातावर पळी घातली, माझ्या हातावर घातली. मग ओट्याच्या भिंतीकडच्या टोकाकडे बोट करून म्हणाले, "वहिनी, पुढच्या सोमवारी त्या कोपऱ्यात बसा. तिथं झड येत नाही."

आत आजही बायका रुद्र म्हणत नाहीत. त्यानंतर सवला अनेकदा गेले, ती म्हातारी पुन्हा भेटली नाही. कोणी म्हणतं, साक्षात देवीच आली होती. मी तसं म्हणत नाही. ती गुडघे दुखणारी एक बाई होती, आणि माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे. माझा आवाज देवाला चालेल का, हे मी इतकी वर्षं माणसांना विचारत राहिले. ज्या दिवशी विचारायचं भानच राहिलं नाही, त्या दिवशी त्यानं तो ऐकला. आता सोमवारी आम्ही दोघं त्या कोपऱ्यात बसतो. मी सुरुवात करते, हे मागून येतात.