भिंतींना सुटलेला घाम

बाइंडर जन्मात कधी दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी प्यायला नाही. चमच्यावर डाग दिसला तरी ताटावरून उठायचा. अशा माणसाच्या नशिबी कामाला जागा आली ती तळघरातली. दहा पावलं लांब, सहा पावलं रुंद, खिडकी नाही, झरोका नाही, आणि बारा महिने इतकी गार की अंगातला स्वेटर कधी उतरत नसे.

भिंतीला हात लावला की बेडकाच्या पाठीला लावल्यासारखं वाटे. पुस्तकं चिकटवायच्या खळीच्या भांड्यावर एका रात्रीत करड्या केसांची टोपी उगवे. मांडणीच्या मागे काळे ठिपके, त्यांवर पांढरी चिकट लव, आणि त्या लवेत कसर संसार थाटून बसलेली. बाइंडर फडक्यानं ते पुसायचा, उमासे आले की जिन्यावर जाऊन उभा राहायचा, पुन्हा खाली यायचा.

वाचनालयाची पुस्तकं बांधायचं काम बरीच वर्षं त्याच्याकडेच होतं. गेल्या खेपेला तिथल्या बाईंनी एक पुस्तक उघडलं, आणि आत मेलेला उंदीर दिसावा तसं झटकन मिटलं.

"बाइंडर, किती हा बुरशीचा वास! वाचक परत आणून आपटतात. ही चाळीस पुस्तकं शेवटची देते. पुन्हा वास आला तर काम दुसरीकडे."

बाइंडर हादरला. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं तर शिकायचंही नव्हतं. हवेतलं पाणी ओढून डब्यात साठवणारं यंत्र त्यानं आणलं. यंत्र दिवसभर घरघरे, डबा दोनदा भरे, भिंती मात्र तशाच चिंब. डब्यातलं ते राखाडी पाणी ओतताना वाटे, हेच आपण रोज छातीत भरून घेतो. त्याचं जेवणच तुटलं.

एका दुपारी वरच्या मजल्यावर राहणारी त्याची थोरली बहीण खाली आली. बाहेर उकाड्यानं जीव नकोसा झालेला. पाहते तर दार सताड उघडं, यंत्र चालू, आणि कोपऱ्यात शेगडीवर खळ रटरटतेय.

"दार कशाला उघडं?"

"ताई, कोंडल्यासारखं होतं. वारा नको का यायला?"

"आणि यंत्रही चालू? साऱ्या गल्लीची हवा वाळवायचा मक्ता घेतलायस की काय?"

"मग काय करू?"

"फ्रिजमधली बाटली बाहेर काढून ठेवली की काय होतं?"

"घाम सुटतो तिला."

"ती काय गळकी असते? बाहेरची दमट हवा गार काचेवर पाणी होऊन बसते. तुझ्या भिंती म्हणजे तीच बाटली, आणि तू दार उघडून त्यांना रोज घाम फोडतोस. वर ही खळीची वाफ! शी, मला तर इथे तोंड उघडून बोलवत नाही."

बाइंडरानं उठून दार लोटलं. ज्या घाणीनं त्याला उमासे येत, तिला अकरा वर्षं तोच पोसत होता.

मग खळ ताईच्या ओट्यावर शिजू लागली. "माझ्या आमटीत थेंब पडला तर बघ," असं ती रोज बजावी. मांडण्या भिंतीपासून वीतभर पुढे आल्या. मागची बुरशी त्यानं तोंडाला फडकं बांधून, डोळे अर्धे मिटून खरवडली. दार दिवसभर बंद. पहाटे बाहेर गारवा असेल तेवढंच उघडायचं. ओल मोजणारा काटा ऐंशीवरून पंचावन्नवर उतरला, डबा दिवसाआड भरू लागला. पुस्तकं बांधून झाली तशी ताईनं एकेक हुंगून दिली, कारण त्या वासात राहून राहून त्याच्या नाकाचा आता भरवसा नव्हता.

वाचनालयाच्या बाईंनी पानांत नाक खुपसून पाच-सहा पुस्तकं पाहिली.

"छान आहेत. काम तुमच्याकडेच राहील." मग त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पण वास येतोच आहे हो." त्या जरा पुढे वाकल्या आणि दोन पावलं मागे सरल्या. "तुमच्या स्वेटरला येतोय. पुढचा गठ्ठा न्यायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

बाइंडरानं बाही नाकाशी नेली, खोल श्वास घेतला. त्याला कसलाच वास आला नाही, आणि त्यानंच त्याला सगळ्यात जास्त मळमळलं.