छरे विकणारी बाई

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर सांभाळून घ्यावं. ठाण्यात जबाब दुसरंच कुणी लिहायचं, मी बाजूला उभी असायची. चारचौघांत बोलायला माझी जीभ आजही उचलत नाही. पण पोलिसातली नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी एक प्रकरण मनातून जात नाही, म्हणून लिहून ठेवते. नाव कुणाचंच लिहीत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. लालबाग-परळात आज सभा, उद्या मोर्चा. आम्हाला रजा नाही, धड जेवण नाही. वर्दी घालून चाळीत शिरलं की पोरं माझ्या तोंडावर घोषणा द्यायची. वाणी सगळ्यांना माल देऊन झाल्यावर मला द्यायचा. राग यायचा नाही, कारण मुंबई महाराष्ट्रातच राहावी असं मलाही वाटायचं. पण ते ठाण्यात बोलायची सोय नव्हती आणि चाळीत सांगून कुणी खरं मानलं नसतं. सारखं वाटायचं, आज काहीतरी होणार.

अशात एका सकाळी घोडपदेवचा एक भंगारवाला ठाण्यात आला. घामाघूम झालेला. त्यानं रुमाल सोडून टेबलावर शिशाच्या गोळ्या ओतल्या. वाटाण्याएवढ्या, हातानं केलेल्या, काही वाकड्या.

"साहेब, एक बाई येऊन विकते. नळाचं शिसं लोक विकतात, पण हे कसलं? उद्या मलाच धराल म्हणून आलो."

साहेबांनी एक गोळी बोटांत फिरवली. "हे छरे आहेत. मोठी शिकार मारायचे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, साधं लुगडं नेसून त्याच्या दुकानात जाऊन बसा."

जुन्या पितळी भांड्यांत हात घालत मी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ती आली. तिशीची, अंगानं बारीक, पदराखाली डबा. पैसे घेताना भंगारवाल्याशी अशी भांडली की चोरीचा माल असता तर कुणी इतकं भांडलं नसतं. मी तिच्या मागोमाग काळाचौकीतल्या तिच्या चाळीपर्यंत गेले आणि खोली बघून परत आले.

दुपारी पंचांना घेऊन छापा घातला. गॅलरीत बायका जमल्या. एकीनं ओरडून सांगितलं, "पोलीस आले गो, वरवंटे लपवा! आता मसाला वाटूक पण परवानो लागतलो!" सगळ्या हसल्या. मी मान खाली घालून आत गेले.

देव्हाऱ्याखालच्या फळीवर बंदुकीच्या दारूचा डबा, वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आणि घरी भरून तयार केलेली काडतुसं सापडली. चुलीपाशी शिसं वितळवायची पळी. नवरा पाळी करून आला होता, झोपेतून उठून बसला. पूर्वी पलटणीत होता, आता एका गिरणीच्या गेटवर बंदूक घेऊन उभा राहायचा. दोघांनाही ठाण्यात आणलं.

"कुणासाठी भरतोस?" साहेबांनी विचारलं.

"गिरणीसाठी."

"गिरणीला दुकानं बंद झाली काय?"

"दुकानातून घेतलं की नोंद होते, साहेब. मॅनेजर म्हणाले, नोंद नको. मोठे छरे घाल. मोर्चा गेटात घुसला तर उडव."

मॅनेजरला बोलावलं. इस्त्रीचे कपडे, खिशात दोन पेनं. तो म्हणाला, "आमच्याकडे सगळा माल पावतीनं येतो. हा खोटं बोलतोय. याचा मेहुणा मोर्चेवाल्यांत पुढारी आहे, विचारा त्याला. काडतुसं तिकडेच जात असणार."

मेहुण्याचं नाव निघताच ठाण्यातली हवा बदलली. परवा मोठा मोर्चा त्याच गिरणीवरून जायचा होता. मोर्चेवाल्यांना काडतुसं पुरवली असं ठरलं असतं, तर हा माणूस कित्येक वर्षं आत गेला असता. साहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं, "छरे गेटसाठी होते, तर बायको भंगारात का विकते?" त्यावर तो एकदम मुका झाला. शिव्या झाल्या, धमक्या झाल्या. भिंतीकडे बघत राहिला.

बायकोला माझ्यापाशी बसवलं होतं. चहा पुढे केला, घेतला नाही. मी काही विचारलं नाही. माझ्या भिडस्तपणाचा नोकरीत एवढाच उपयोग झाला. मी विचारत नसे, म्हणून बायका आपण होऊन बोलत. ही मात्र नुसती दाराकडे बघत होती आणि अंगठ्यानं फरशी घासत होती.

तेवढ्यात आतून साहेबांचा आवाज आला, "पंचांना बोलवा. आरोपीसमोर एक काडतूस फोडा."

तिनं माझं मनगट धरलं.

"बाई, तेंच्यासमोर फोडू नकात. तुमच्या पाया पडतंय."

"का गं?"

"तेच्यात मसूर आसा."

मला कळेना. मग ती भडाभडा बोलली. नवरा पुंगळीत दारू आणि छरे भरून पाळीवर जायचा. वरचा पुठ्ठा खळीनं चिकटवायचं काम हिचं. तो गेला की ही छरे काढून घ्यायची आणि मसूर भरून पुठ्ठा लावायची.

"माजो भाव मोर्चात पुढे असता. बंदूक वाजली तरी कोणाक काय होऊ नये. नोकरी पण ऱ्हवात, भाव पण ऱ्हवात."

"मग ते छरे टाकून का नाही दिलेस?"

मी वेडी असल्यासारखं तिनं माझ्याकडे बघितलं. "पैशाची वस्तू टाकतत?"

मी साहेबांना बाहेर बोलावून सांगितलं. सांगताना दोनदा अडखळले. मग आत जाऊन त्यांनी काडतूस स्वतःच फोडलं. टेबलावर लाल मसूर सांडले. एका पंचाला हसू आवरेना, साहेबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

नवरा मसुराकडे बघत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुला माहीत होतं?" साहेब म्हणाले.

"हातात घेतल्याबरोबर कळलं, साहेब. शिसाचं वजन वेगळं, मसुराचं वेगळं. इतकी वर्षं बंदूक धरली."

"मग बोलला का नाहीस? सुटला असतास!"

"गिरणीत कळलं असतं की घरच्या बाईनं हे केलं. तिला पण आत घातली असती." मग दाराशी उभ्या असलेल्या तिच्याकडे न बघता म्हणाला, "आणि तिका वाटत होता, माका म्हायत नाय. तसाच बरा होता."

ती दारातच खाली बसली. "इतके दिवस गप ऱ्हवलात?" एवढंच म्हणाली.

साहेबांनी गेटवरची बंदूक मागवली. परवाना गिरणीचाच होता, आणि त्या रिकाम्या पुंगळ्यांची मूळ काडतुसं दुकानातून गिरणीच्याच पावतीवर आलेली निघाली. मॅनेजर घाम पुसू लागला. चौकशी संपेपर्यंत बंदूक ठाण्यात जमा राहील, असा साहेबांनी हुकूम लिहिला. परवान्याशिवाय काडतुसं भरल्याचा गुन्हा मात्र नवऱ्यावर लागला. तो जामिनावर सुटला. गिरणीनं त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं.

निघताना साहेब त्या बाईला म्हणाले, "जवळून लागलं तर मसूरसुद्धा माणसाचा डोळा फोडतो. हे माहीत होतं?"

तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मोर्चाच्या दिवशी माझा बंदोबस्त त्याच गिरणीसमोर होता. गेटवर नवा माणूस काठी घेऊन उभा. समोरच्या फुटपाथवर ती दोघं आली होती. तिचा भाऊ पहिल्या रांगेत घोषणा देत आला. नेमका गेटसमोर मागून कुणीतरी दगड भिरकावला. खळकन काच फुटली आणि सगळा मोर्चा एका क्षणात थांबला. सगळे गेटकडे बघत होते. मीही. तिनं नवऱ्याचा सदरा मुठीत धरला. गेटवरून काहीच आलं नाही. मग कुणीतरी घोषणा दिली आणि मोर्चा पुढे सरकला.

या प्रकरणातून मी एक धडा घेतला. घरातली दोन माणसं एकाच वेळी गप्प बसली, तर दर वेळी ती गुन्हा लपवत असतात असं नाही. कधी एकमेकांना लपवत असतात. त्यांना वेगळं बसवावं आणि घाई करू नये. पुढे नोकरीत याचा फार उपयोग झाला.

पण त्या दिवशी बंदूक गेटवर असती, तो दगड पडला असता आणि मॅनेजरनं हुकूम दिला असता, तर तिच्या नवऱ्यानं चाप ओढला असता का? पुढे तो भायखळ्याच्या बाजारात हमाली करताना दोनचार वेळा भेटला, नमस्कार झाला. विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यालाही ते ठाऊक नसावं.