पश्चिमेला पाठ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार ज्यांचे, ते माझे मामा. आणि तोरण्याच्या पायथ्यापासून कापूरहोळच्या फाट्यापर्यंत जे घर त्यांनी जागा दाखवल्याशिवाय उभं राहिलं ते एकतर पडलं, गळलं, नाहीतर भाऊबंदकीत गेलं, असं साऱ्या मुलखाचं मत होतं. निदान मामांचं तरी होतं, आणि त्यांच्यासमोर मुलखाला वेगळं मत ठेवायची सोय नव्हती. ते माझे सख्खे मामा नव्हेत. आम्ही विंझरचे शेतकरी, ते आमच्या शिवाराच्या वर, डोंगरातल्या धनगरवाड्यावर राहणारे. बाजाराच्या दिवशी लोण्याचं गाडगं घेऊन खाली उतरत आणि आमच्या अंगणात घटकाभर टेकत. आईला भाऊ नव्हता. एका भाऊबिजेला तिने त्यांना पाटावर बसवून ओवाळलं आणि तेव्हापासून ते आमच्या सगळ्या घराचे मामा झाले.

मामा कोणाच्याही घरात सरळ शिरत नसत. आधी बाहेरून एक फेरी. काठीने जोत्याचे दगड ठोकायचे, वळचणीखाली उभं राहून वर बघायचं, परसात जाऊन नाक वर करून वास घ्यायचा, आणि मग उंबऱ्याशी येऊन घरमालकाला त्याच्या घरातली खोट सांगायची. पाणी त्यानंतर प्यायचं. लग्नघरी गेले तर आधी मांडवाची फेरी, नवरदेव मागून. एकदा किकवीला आमच्या नात्यातला एक म्हातारा गेला म्हणून भेटायला गेलो होतो. आत बायका रडत होत्या, ओसरीवर पुरुष माना खाली घालून बसले होते. मामा घराला वळसा घालून आले, थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "बा गेला, लई वंगाळ झालं. पर न्हाणीचं पानी जोत्यात मुरतंय, त्येच्याकडं बघ." मुलाने डोळे पुसले आणि उठून बघितलं. खरंच मुरत होतं.

जागा निवडण्याची त्यांची रीत धनगराची. कळप घेऊन हिंडताना मुक्काम कुठे टाकायचा हे माणसाने ठरवायचंच नाही, असं ते सांगत. "मानसाला जागा आवडती, जनावराला कळती," हे त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे एक काळी, फाटक्या कानाची शेळी होती. तिला ते म्हातारी म्हणत. कोणी घर बांधायला काढलं की मामा भर दुपारी म्हातारीला त्या जमिनीवर नेऊन सोडत आणि स्वतः घोंगडी अंथरून आडवे होत. म्हातारी हिंडे, इकडेतिकडे तोंड घाली, आणि शेवटी जिथे पाय दुमडून रवंथ करत बसे तिथे चूल. चूल ठरली की बाकीचं घर तिच्याभोवती आपसूक बसतं. गावाला नवी चावडी बांधायची होती तेव्हा एक अंमलदार नकाशा घेऊन आले, आणि मामा म्हातारीला घेऊन आले. म्हातारीने नकाशातल्या जागेकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती खाली ओढ्याकाठच्या जांभळीआड जाऊन बसली. अंमलदारांनी नकाशाप्रमाणे बांधलं. पुढल्या आषाढात वाऱ्याने चावडीची कौलं उचलून पाटलांच्या परड्यात नेऊन टाकली.  मामा येताजाता चावडीपाशी थांबत, डोक्याचा पटका काढत, छपराकडे बघत आणि पटका पुन्हा डोक्यावर ठेवून पुढे जात. त्या अंमलदारांनी बदली मागून घेतली असं लोक म्हणत. ते खोटं असावं.

एका बाबतीत मात्र ते म्हातारीलाही विचारत नसत. ती बाब म्हणजे पश्चिम. आमच्याकडचा पावसाळा घाटावरून आडवा येतो; चार महिने पश्चिमेची भिंत गवताच्या पेंढ्यांनी झाकावी लागते, आणि तरीही आतून ओल सुटते. म्हणून आमच्या वाड्यावस्त्या डोंगराच्या कुशीत पूर्वेकडे तोंड करून बसलेल्या. मामांनी हा नियम घरापुरता ठेवला नव्हता. जेवायला बसताना त्यांची पाठ पश्चिमेला असे, झोपताना असे, बोलत उभे राहिले तरी असे. त्यामुळे त्यांच्याशी संध्याकाळी बोलणाऱ्याच्या डोळ्यांवर हमखास ऊन येई आणि तो लवकर निरोप घेई. पश्चिमेच्या वाऱ्याला ते वारा म्हणतच नसत, "त्यो" म्हणत.

माझ्या वडिलांनी मला चौथीनंतर बैलांमागे लावायचं ठरवलं होतं. आमच्या घरात त्याआधी कोणी शिकलं नव्हतं, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं. मामा त्या दिवशी अंगणात बसले होते. मी पाटीवर काहीतरी गिरवत होतो. ते बराच वेळ बघत राहिले आणि वडिलांना म्हणाले, "दाजी, ह्ये पोरगं हितं बसतंय खरं, पर रवंथ दुसरीकडंच करतंय. त्येला भोरला धाडा." वडील हसले. मामा हसले नाहीत. दुसऱ्या बाजाराला ते पुन्हा आले आणि तेच म्हणाले, तिसऱ्यालाही तेच. शेवटी वडील त्यांच्या येण्याला कंटाळले आणि मी भोरच्या इंग्रजी शाळेत गेलो. तिथली खोलीही मामांनीच निवडली. ज्या विधवा बाईंकडे मी राहणार होतो त्यांच्या माजघरात ते भर दुपारी घोंगडी अंथरून झोपले, उठले आणि म्हणाले, "शिकंल." त्या बाईंनी पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट सांगितली. पुण्याला कॉलेजात गेलो तेव्हाही तसंच. मी बी. ए. झालो ते, माझ्या आईच्या हिशेबाने, दोन्ही जागा बरोबर निवडल्या गेल्या म्हणून.

मग मला कराचीला एका कचेरीत नोकरी लागली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती, पण विंझरच्या दृष्टीने ती समुद्रापलीकडची वाळू होती. पहिलं वर्ष मी आमच्याकडच्या कारकुनांच्या खाणावळीत काढलं. इकडे गावी बायकोला मुलगी झाली. आता बिऱ्हाड करायचं तर आईची एकच अट होती: मामांनी जागा बघितल्याशिवाय सून आणि नात हलणार नाहीत. म्हणून रजा संपवून परत निघालो तेव्हा माझ्याबरोबर मामा होते, घोंगडी होती आणि काठी होती. म्हातारीला आगबोटीवर घेत नाहीत हे त्यांना मुंबईच्या धक्क्यावर कळलं. त्यांनी तिथल्या शिपायाला दोन-तीनदा समजावून पाहिलं. ती त्यांच्या पुतण्याबरोबर परत गेली आणि मामा आगबोटीच्या उघड्या तक्त्यावर पश्चिम शोधत बसले. बोट वळली की ते उठून जागा बदलत. सगळा प्रवास असा झाला.

कराची बघून मामांना त्या लोकांची दया आली. घरांना उतार नव्हता. सपाट धाबी. पावसाचं पाणी जातं कुठं, असं ते ज्याला त्याला विचारत, आणि प्रत्येक जण पाऊस पडतच नाही म्हणाला की मान हलवून पुढे जात. पाऊस पडत नाही असा मुलूख असू शकतो ही गोष्ट त्यांनी मनावर घेतली नाही. लोक कबूल करायला लाजतात इतकंच धरलं. सगळ्यांत मोठा धक्का पुढेच होता. काही जुन्या घरांच्या धाब्यावर वारा खाली घरात उतरावा म्हणून तिरक्या फळ्यांची उघडी धुराडी बांधली होती, आणि त्या सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, पश्चिमेला. मामा रस्त्यातच थांबले. "छपराला भोक पाडून त्येला आत बोलावत्यात," ते म्हणाले. त्यानंतर त्या शहरातल्या कोणाचाही सल्ला त्यांनी ऐकला नाही.

सल्ला द्यायला माणसं पुष्कळ होती. गावाबाहेर नव्या वसाहती होत होत्या आणि खाणावळीतले सगळे एका सुरात सांगत होते की टेकाडावरच्या वसाहतीत घर घ्या, तिथे संध्याकाळी समुद्राचा वारा येतो. मामांनी एवढं ऐकलं आणि टेकाड संपलं. जागा जनावराकडून विचारून घ्यावी म्हणून त्यांनी शोध केला, नाही असं नाही. पण उंट मालक सांगेल तिथे बसतो, त्याला स्वतःचं मत नाही. आणि रस्त्यावरच्या शेळ्या भिंतीवरचे कागद ओढून खात होत्या. कागद खाणाऱ्या शेळीला जागा काय कळणार. शेवटी टेकाडाच्या पलीकडे, पूर्वेच्या खोलगटात त्यांना एक घर सापडलं. पश्चिमेची भिंत आंधळी, दार पूर्वेला, मागे टेकाडाचा आडोसा. "आपल्या वाड्यावानी हाय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा घरी पोचल्यासारखा झाला. पौषातले दिवस होते. वाळवंटाकडून बोचरी थंडी येत होती. मामा तिथे घोंगडी पांघरून दुपारभर झोपले, उठून उंबऱ्यावर दूध शिंपडलं आणि पुढच्या बोटीने परत गेले.

गावी त्यांचा मान वाढला. समुद्रापलीकडे जागा दाखवून आलेला माणूस वेल्ह्याच्या खोऱ्यात दुसरा नव्हता. कापूरहोळला लोक त्यांना थांबवून कराचीची हवा विचारत आणि ते जणू आपल्याच रानातली असल्यासारखी सांगत.

माघात मी बायको-मुलीला आणलं. फाल्गुनापर्यंत बरं होतं. चैत्रात घर तापायला लागलं आणि वैशाखात भिंतींना हात लावता येईना. समुद्राचा वारा टेकाडावरून आमच्या डोक्यावरून जाई. त्याचा आवाज ऐकू येई, पण अंगणातलं फडकंसुद्धा हलत नसे. मुलीच्या अंगावर घामोळं उठलं, ते चिघळलं, मग तिने अंगावर पिणं कमी केलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि हवा बदला म्हणाले. बायको रोज संध्याकाळी तिला घेऊन टेकाडावर जाऊन बसे. तिथे मूल झोपे. खाली आणलं की जागं होई. टेकाडावर घरं रिकामी होती. पण पत्ता बदलला की घरी पत्र लिहिणं आलं, आणि विंझरला पत्र ही खाजगी गोष्ट नसे. गुरुजी ते शाळेच्या पायरीवर मोठ्याने वाचत आणि ज्याला सवड असेल तो ऐके. मामांना वाचता येत नव्हतं. त्यांची निवड फसली हे त्यांना साऱ्या गावाच्या देखत, गुरुजींच्या तोंडून कळणार होतं. मी एक-दोनदा पंख्याची गोष्ट काढली, ओल्या चादरींची काढली. बायको ऐकून घेत होती. एका रात्री ती म्हणाली, "मामांनी घोंगडी पांघरून जागा बघितली. आपुन हितं उघड्या अंगानं ऱ्हातोय." मी म्हटलं, त्यांना काय वाटेल. ती मुलीला वारा घालत होती, तो हात थांबला नाही. "त्यांना काय कळवायचं ते तुमी बघा, तुमी शिकल्याला हाय. मी हिला घिऊन सोमवारी वर जाते."

रविवारी दुपारी मी घर बघायला वर गेलो. उन्हात सगळं पांढरं दिसत होतं. एका अर्धवट बांधलेल्या भिंतीपलीकडे कोणा सिंधी धनगराचा कळप बसला होता. एकही शेळी सावलीत नव्हती. सगळ्या उघड्यावर, पाय दुमडून, तोंडं समुद्राकडे करून डोळे मिटून रवंथ करत होत्या. त्यांच्यात एक काळीही होती. मी तिथेच उभा राहिलो आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा मला हसू आलं. त्या भिंतीला लागून असलेलं घर मी घेतलं.

मामा पुन्हा कराचीला आले नाहीत. त्याच वर्षी म्हातारी गेली आणि पुढे दोन-तीन पावसाळ्यांनी मामाही. नव्या घराचं माझं पत्र पायरीवर वाचून झाल्यावर काय झालं ते गुरुजींनी मला नंतर सांगितलं. मामांनी शेळ्यांचा मजकूर पुन्हा वाचायला लावला. मग उठले, पटका नीट केला आणि जमलेल्यांना म्हणाले, "कागद खात्यात तरी कळतंय बघा." आणि पाठ पश्चिमेला येईल असे वळून वर वाड्याकडे निघाले. आता कराचीही आपल्याकडे राहिली नाही. ते पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलं होतं, म्हणून पाठ आहे.

"तीर्थरूप मामांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. गुरुजींनी हे पत्र नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचावे. तुम्ही पाहिलेले घर आम्ही सोडले. थंडीत त्या घराने आम्हांला फार सुखात ठेवले. पण इथला उन्हाळा तुम्ही पाहिलेला नाही, आणि इथे पाऊस खरोखरच पडत नाही. आपल्याकडे जो वारा भिंत पाडतो, तोच इथे माणूस जगवतो. चूक कोणाची असेल तर ती पौष महिन्याची. नवी जागा मी निवडलेली नाही. भर दुपारी शेळ्या जिथे रवंथ करत बसल्या तिथे घर घेतले, आणि त्यांतली काळी जिथे बसली होती तिकडच्या भिंतीला चूल मांडली. मुलीचे घामोळे सुकले. ती आता पिते, आणि रात्रभर झोपते. तोंड पश्चिमेला करून झोपते. कूस वळवली तर पुन्हा तिकडेच वळते. तुम्ही रागावणार नाही असे तिच्या आईचे म्हणणे आहे. माझा धीर तेवढा होत नाही, म्हणून लिहिले. म्हातारीला दोन घास जास्त घालावे. एकदा उन्हाळ्यात या. घोंगडी आणू नका."