लीलाचं साटंलोटं

आमच्या लीलासारखी मुलगी अख्ख्या मल्हारगंजात नाही. भाऊ आहे म्हणून बोलत नाही, कोणालाही विचारा. फक्त आमच्या समोरच्या अत्तरवाल्याला विचारू नका, त्याचं नि माझं पटत नाही.

मी स्वतः चौथी पास. पण आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, आणि सायकल म्हणाल तर मी डोळे मिटून खोलतो आणि डोळे मिटून जोडतो. 'दौलतराव सायकलवाले' म्हटलं की बस, पत्ता सांगावा लागत नाही. लीलाला मॅट्रिक मीच केली. म्हणजे अभ्यास तिनं केला, पण शाळेत सोडायला रोज सायकल कोणाची होती?

नवा मध्यप्रदेश होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. लीला मुलींच्या एका शाळेत मराठी दुसरी शिकवायची. नोकरी कच्ची. एक दिवस बड्या बेनजींनी, म्हणजे हेडबाईंनी, बोलावून सांगितलं, मराठीचा वर्ग हिंदी वर्गात मिसळणार. दिवाळीनंतर इन्स्पेक्टर येतील, त्यांच्यासमोर हिंदीत पाठ घ्या. जमलं तर पक्क्या, नाही तर घरी बसा.

लीला तोंड पाडून आली. मी बोललो, "त्यात काय घाबरते? मी सियागंजच्या बाजारात रोज हिंदीत भांडतो."

"दादा, तू भांडतोस ती हिंदी नाही. ती सियागंजी आहे."

"पण समोरच्याला कळते की नाही?"

"समोरचा पुस्तक उघडून बसत नाही. तिथं मी 'मेरा पुस्तक' बोलले की गेले. हिंदीत पुस्तक बाई आहे!"

खरी अडचण हीच होती. आपल्या मराठीत तीन लिंगं, हिंदीत दोनच. आपलं जे 'ते दही, ते पुस्तक', त्या बिचाऱ्यांना तिकडे कोणाच्या घरात टाकायचं? लीला रात्रंदिवस हेच बडबडायची.

शिकवणी लावायला पैसे नव्हते. पण डोकं आमच्या घराण्याचं! तिनं दुकानामागची खोली झाडली आणि गल्लीत सांगून आली, रोज दुपारी वर्ग. फी नाही. एक गोष्ट शिकवा, एक शिका. नाव ठेवलं 'साटंलोटं'.

मी सांगत होतो, नाव बदल. ऐकते कोण? पहिल्याच दिवशी गल्लीतल्या द्वारकाबाई पुतण्याची पत्रिका घेऊन हजर. त्यांना वाटलं, साटंलोटं म्हणजे इथं मुलगी देऊन मुलगी घेतात.

"वर्ग आहे, मावशी," लीला म्हणाली. "तुम्ही काय शिकवाल?"

"मी? मला चकल्या येतात. पण आधी सांग, मुलगी कुठली आहे?"

हिंदी शिकवायला मिळाल्या शारदाभाभी. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गल्लेवाल्याची, म्हणजे धान्यवाल्याची, बायको, माळव्यातली, आठवी शिकलेली. घुंघट हनुवटीपर्यंत, पण आतून बोलायच्या ते एकदम छापल्यासारखं शुद्ध. बदल्यात त्यांना काय पाहिजे? सायकल शिकायची होती! लीलानं विचारलं तेव्हा हळूच घरच्या माळवीत बोलल्या, "पर घर में मती बोलजो." घरी सांगू नकोस म्हणे.

आता सायकल म्हटलं की गुरू मीच. पण भाभी माझ्यासमोर घुंघट काढणार नाहीत, आणि घुंघटात रस्ता दिसणार नाही. मग मी युक्ती काढली. सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात लीला सायकल धरायची आणि मी एका कडुलिंबाकडे तोंड करून उभा राहायचो. नुसत्या चेनच्या आवाजावरून सांगायचो, "भाभी, समोर पहा! ब्रेक दबाव!" तीन दिवसांत चालवायला लागल्या. माझ्या पाठीकडे बघून सायकल शिकलेली हिंदुस्थानात ती एकच बाई असेल.

दुपारी भाभी लीलाला लिंगं घोकायला लावायच्या, मुलगा तो छोरो, मुलगी ती छोरी: "दही छोरो. किताब छोरी. आवाज छोरी. पानी छोरो."

द्वारकाबाई चकल्यांचं पीठ मळता मळता बोलायच्या, "एवढे उपवर आहेत तर उरकून टाका ना एकदाचे!"

महिनाभरात लीला तयार झाली.

इन्स्पेक्टर आले त्या दिवशी मी शाळेच्या खिडकीशी होतो. उगीच नाही, बड्या बेनजींच्या सायकलमध्ये हवा भरत होतो. दोन तास भरली.

वर्गात अर्ध्या मुली मराठी, अर्ध्या हिंदी. विहिरीचा पाठ होता. "कुएँ का पानी", "रस्सी की गाँठ", का आणि की एकदम जागेवर. इन्स्पेक्टरांनी मान हलवली. तेवढ्यात मागच्या बाकावर गडबड सुरू झाली. लीलानं टेबलावर हात आपटला, "शोर करोगी तो शिक्षा दूँगी!"

मराठी मुली एकदम चिडीचूप. हिंदी मुली तशाच, एकमेकींचं तोंड बघत. इन्स्पेक्टर चष्म्यावरून बोलले, "बेनजी, और शोर न करें, तो शिक्षा नहीं देंगी?"

माझा पंप हातातच राहिला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मलासुद्धा माहीत होतं. शाळेतल्या बाईला माहीत नसेल? पण रागात तोंडातून आईचीच भाषा निघते. लीला लाल झाली. बड्या बेनजींनी कागदाकडे नजर वळवली. मला वाटलं, गेली नोकरी.

पण लीलानं खडू उचलला. "कौन-कौन डरी?" मराठी मुलींनी हात वर केले. "और कौन नहीं डरी?" बाकीच्यांनी. तिनं एक घाबरलेली आणि एक न घाबरलेली अशी जोडी बसवली आणि बोलली, "अब एक-दूसरी को समझाओ, क्यों डरी और क्यों नहीं."

जी धमाल उडाली! "अगं, आमच्याकडे शिक्षा म्हणजे छडी!" "हमारे यहाँ तो स्कूल!" एक चिमुरडी उठून थेट इन्स्पेक्टरांकडे गेली. "आप डरे कि नहीं?"

"थोड़ा-थोड़ा," ते बोलले.

मला राहवलं नाही. पंप टाकून टाळ्या वाजवल्या. सगळा वर्ग वळला.

"ये कौन हैं?" इन्स्पेक्टर.

लीलानं माझ्याकडे पाहिलं. अशी नजर की पणजोबा तलवार टाकून पळाले असते. मग शांतपणे बोलली, "मेरे बड़े भाई हैं, साहब. इनकी शिक्षा अभी बाकी है."

इन्स्पेक्टर इतके हसले की बड्या बेनजींना पाणी मागवावं लागलं. हसता हसताच त्यांनी कागदावर सही केली. पक्की!

अत्तरवाला अजून गल्लीत सांगतो की बहिणीनं भरवर्गात दौलतरावाची इज्जत काढली. काढू दे. 'इनकी शिक्षा' बोलली, 'इनका' नाही. घाबरलेली होती, चिडलेली होती, तरी चुकली नाही. आहे अत्तरवाल्याच्या घरात असं कोणी?