पावसाळ्याआधीची सुई

अहमदपूरजवळच्या वृद्धाश्रमात मी नर्स म्हणून फ्लूची लस द्यायला गेले होते. सगळ्यांनी मुकाट दंड पुढे केले. एक म्हातारा तेवढा फाटकाशी, बांधलेल्या पिशवीवर बसून नुसती मान हलवत राहिला. इकडे लसीच्या डब्यातला बर्फ वितळत चाललेला. माझं डोकंच उठलं.

"पाऊस पडला की नेतो म्हनलाय लेक. दुष्काळ हाय म्हनून हितं ठिवलंय. मंग हितल्या पावसाळ्याची सुई मला कशाला, बाई?"

"अहो बाबा, घरी नातू असेल ना? तुमचा खोकला त्याला लागला तर?"

त्यानं चटकन बाही वर सारली. "हे आधी सांगाया काय झालतं?"

त्या साली पाऊस धो धो पडला. पुढच्या उन्हाळ्यात गेले, तर म्हातारा तिथंच, त्याच पिशवीवर. आता पुन्हा मान हलवणार म्हणून मी ओरडायला तोंड उघडलं, पण त्यानं बाही आधीच वर करून ठेवली होती.