मिस्तरीचा जोर

रस्त्यावर नव्या जीपा धावायला लागल्या तवाचं हाय. गेवराईच्या स्टँडामागं मोटारीचा एक मिस्तरी व्हता. कायबी विचारा, "आक्का, जोर पायजे, जोर!"

मळनीच्या मशीनीत माजे दोनी पाय गेले, तवापासून म्या चार बेरिंगाच्या फळीवर हातानं सरकायची. कुनाच्या पाठुंगळी न बसता बाजार करावा, येवडंच मनात.

त्यानं फळीला जीपच्या वायपरची मोटर लावली. स्कूटरची बॅटरी नको म्हनला, ट्रॅक्टरचीच चढवली. वर लिंबू-मिरची बांधली.

म्या बसले. फळी हालंना.

त्यानं डोकं खाजवलं. "आक्का, जरा उतरा बरं."

उतरले. फळी निगाली बाजाराकडं.

"बगा, म्हनलं न्हवतं?" टाळ्या वाजवीत त्यो तिच्यामागं पळाला.

माजी फळी बाजाराला गेली. म्या तितंच, धुळीत.